माझी भर मंडपातली समाधी

मी तसा देवाधर्मातला नव्हतो. राहायला केडगावात, नोकरी नागापूरच्या कारखान्यात, आणि सुट्टीच्या दिवशी मित्र सागरबरोबर नशा. एका नशेवर का भागत नव्हतं, असं लोक आता विचारतात. दारूनं चार माणसांत बोलायचा धीर यायचा, पण सुस्ती चढायची. सुस्तीवर सागर गोळी द्यायचा. गोळीनं छाती धडधडायची, म्हणून गांजा. गांजानं भलतेसलते विचार यायचे, त्यावर पुन्हा दारू. मूळ दुखणं लाजरेपणाचं आणि एकटेपणाचं. ते तसंच राहिलं, औषधंच एकमेकांना बरी करत बसली.

गेल्या वर्षी सागरबरोबर नेवाशाजवळच्या एका गावात सप्ताहाच्या काल्याला गेलो. खरं सांगायचं तर जेवणासाठीच. वाटेत दारू, गोळी, गांजा, सगळे प्रकार झाले होते. कीर्तन रंगात आलं आणि माझे हातपाय गार पडले, जीभ जड झाली, नजर एका जागी खिळली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आत मला वाटत होतं, आपण मरतोय. बाहेर लोकांना वाटलं, पोराचा भाव जागा झाला. कुणी बुक्का लावला, कुणी गळ्यात हार घातला. एका शेतकऱ्यानं कानाशी येऊन बोअरला पाणी लागेल का विचारलं. माझी मान आपोआप खाली पडली. तो समाधानानं निघून गेला. ज्यानं गोळी दिली होती त्या सागरनंही हात जोडले.

त्या गर्दीत मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हाक मारली. भक्तीनं नव्हे, भीतीनं. देवा, मला इथून काढ, एवढंच.

तेवढ्यात काल्याचा प्रसाद वाटत एक म्हातारी मावशी आली. सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झालेली. तिनं माझ्या हातावर काला ठेवला, थोडं थांबली, मग माझी पापणी उचलून पाहिली, नाडी धरली आणि शांतपणे म्हणाली, "ह्यो समाधीत न्हाई. ह्यानं कायतरी घेतलंय."

लोक तिच्यावर रागावले. तिनं लक्ष दिलं नाही. मंडपाचं सामान आणणाऱ्या टेम्पोत मला घातलं आणि डोकं मांडीवर घेऊन स्वतः बसली. सागर मागून मोटारसायकलवर रडत येत होता.

दवाखान्यात जीभ जराशी सैल झाली तेव्हा डॉक्टरांनी काय घेतलं ते विचारलं. मी म्हणालो, उपास होता. मावशी वाकली. "लेकरा, देवाला मागनं सांग. डॉक्टरला आत्ता सांग, समदं."

मी सगळं सांगितलं. लिहिता लिहिता डॉक्टरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. असं एकावर एक घेतलं की कशानं काय होतंय तेच कळत नाही आणि श्वास थांबू शकतो, असं ते म्हणाले. उशीर झाला असता तर माझी समाधी खरीच झाली असती.

तुला कसं कळलं, असं मी नंतर मावशीला विचारलं. ती म्हणाली, "हातावर काला ठिवला आन् तू मूठ मिटली न्हाईस. आलेला काला कोन सोडतं?"

नशा सुटायला महिने लागले. मध्ये एकदा घसरलोही, पण ते लपवलं नाही. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असा माझा समज होता. विचारणाऱ्यापुढे खरं बोलणं हीच शरणागती, हे मला त्या खाटेवर कळलं. आता अधूनमधून तिच्या घरी जातो. ती आधी माझे डोळे निरखते, मगच चहा टाकते. तेवढा वेळ मी उंबऱ्यात गुपचूप उभा राहतो, आणि आपल्याकडे कुणीतरी पाहतंय याचं मला फार बरं वाटतं.