सुऱ्याचा मी काढलेला व्हिडीओ

सुऱ्याला मारत होते तेव्हा मी व्हिडीओ काढत होतो.
हात जराही हलला नाही. एक मिनिट चाळीस सेकंद, सगळं स्पष्ट.

आज वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: सूर्यकांत, माझा शाळेपासूनचा मित्र. पावसच्या रस्त्याला एका बड्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये आंब्याच्या पेट्या भरायचा. वीस सीझन.

आणि मोबाईलवर गाऱ्हाणी घालायचा. देवळात गुरव घालतो तशी. डोक्याला टॉवेल, हातात नारळ, मागे पेट्यांची थप्पी.

"बा देवा म्हाराजा, जो कोण ह्यो व्हिडीओ पुढं पाठवील, त्येच्या घरात सुख नांदू दे रे म्हाराजा."
कॅमेऱ्यामागून शेडमधल्या बायका, "व्हय म्हाराजा."
"जो नुसता बघून गप ऱ्हाईल, त्येचा नेटपॅक आजच संपू दे."
"व्हय म्हाराजा."

बघायचे सगळे. शेअर कोणी करायचं नाही. चौदा लाइक, त्यातले तीन एकट्या मेव्हण्याचे, तीन अकाउंटवरून.

मला रोज मेसेज. "शेअर कर ना रे. तुझे लोक शिकलेले हायत."
मी अंगठा पाठवायचो. माझ्या वॉलवर मला टॉवेलवाला माणूस नको होता. खरं कारण एवढंच.

एकदा नाक्यावरच्या टपरीत त्याने सरळ विचारलं.
"माझ्यात काय कमी हाय, सांग."
"तू सगळ्यांचं भलं मागतोस. भलं कोण शेअर करतं? कोणाला तरी झोंबलं पाहिजे. नाव घे, मग बघ."
"कोणाचं घेऊ?"
"ज्याचं खातोस त्याचं घे."

आणि मी हसलो. अशी वाक्यं टाकून मी हसतो, तुम्ही लाइक देता, आपलं बरं चाललेलं असतं.
तो हसला नाही. चहा संपवून गेला.

पुढच्या आठवड्यात व्हिडीओ आला.

त्याने पेटी उघडली. वरचा थर पावसचा हापूस. खालचे थर परराज्यातून ट्रकने आलेले.
यात गुपित काही नव्हतं. तो आंबा ट्रकमधून उतरतो आणि अर्ध्या तासात रत्नागिरीकर होतो. आपल्याला नुसतं रेशनकार्डावर नाव चढवायला सहा महिने लागतात.

पण मग त्याने नारळ उचलला.

मालकाचं नाव घेतलं. बापाचं घेतलं. वाडीचं घेतलं.
"ह्येनं तुझ्या भूमीचं नाव इकलं रे म्हाराजा. ह्येच्या दारातलं कलम वठू दे. ही पेटी माझ्या हातांनी भरली, त्ये हात पण वाळू देत."

या वेळी मागून व्हय म्हणायला कोणी नाही.

ते काम कमेंटमध्ये झालं. खाली खाली जावं तसं नुसतं "व्हय म्हाराजा". त्यात एक माझा.
आणि शेअर? पहिला मीच केला.

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. फसवतो म्हटलेलं व्यापाऱ्याला चालतं, धंदा आहे. पण वाडीसकट नाव घेऊन देवापुढे वाईट मागणं, आणि त्याला गावोगावच्या माणसांनी व्हय म्हणणं, हे चालत नाही. मालकाच्या म्हाताऱ्या आईने अन्न सोडलं.

निरोप आला: देवळात ये, गाऱ्हाणं मागे घे.
सुऱ्याने सांगितलं, "आंबा मागं घे, मग मी येतंय."

तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, त्याच टपरीसमोर त्याला धरला.

चौघे होते. त्यातले दोघे रोज त्याच्यासोबत डबा खाणारे. हातात फुटक्या पेट्यांच्या फळ्या, खिळ्यांसकट.
फळी हाडावर बसते तेव्हा रिकाम्या पेटीवर बसल्यासारखाच आवाज येतो. मला माहीत नव्हतं.

डोकं फुटलं, कान लोंबायला लागला, तरी तो उठत होता.
तेव्हा गाडीची काच खाली आली. मालक आत होता. म्हणाला, "हातांवर मारा. वाळू देत म्हणतो ना."
दोघांनी दगडावर हात धरले. दोघांनी मारलं. बोटांची बोटं राहिली नाहीत.

सुऱ्याने मला बघितलं. नावाने हाक मारली. व्हिडीओत ऐकू येते.
माझं उत्तर ऐकू येत नाही. मी दिलंच नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी सुऱ्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वारला.

टपरीवर आपण अकरा जण होतो. दुपारपर्यंत प्रत्येक ग्रुपवर बाकीच्यांनी काढलेल्या क्लिप, खाली हात जोडलेले इमोजी. पोलिसांनी विचारायला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनची मेमरी फुल झाली होती. सगळं डिलीट.

चौघे जामिनावर आहेत. मालक केसमध्येच नाही. तो त्या दिवशी मुंबईत होता, असं कागदावर आहे.
गाडीची काच खाली येताना फक्त माझ्या व्हिडीओत दिसते. मी उभाच त्या बाजूला होतो.

वर्षभर मी तो कोणाला दाखवला नाही. माझ्या बागेतला आंबाही त्याच व्यापाऱ्याकडे जातो. आणि त्यात माझ्या नावाची हाक आहे.

आज वर्षश्राद्धाला गेलो. वहिनी, सुऱ्याची बायको, वाढत होत्या.
"भावोजी, तुम्ही तिथं होतात म्हणे."
"हो."
"भात वाढू?"
"वाढा."
एवढंच बोलल्या. पुढच्या पानाकडे गेल्या.

हात धुऊन सरळ पोलीस स्टेशनला गेलो. फोन जमा केला. जबाब दिला, टपरीत मी काय बोललो होतो त्यासकट. हे बायकोच्या फोनवरून लिहितोय.

व्हिडीओ इथे मिळणार नाही. शेअर करायला काही नाही.
उरलेल्या दहा जणांची नावं मी जबाबात लिहून दिली आहेत. मालक गाडीत होता का, एवढंच विचारतील. बोलावतील तेव्हा या.

सुऱ्या, एक वर्ष लावलं मी.
तुला भावपूर्ण म्हणायची माझी लायकी नाही. नुसती श्रद्धांजली.