चौथ्या माळेला घातलेल्या चपला

मैत्रिणींनो, आत्ताच देवळातून आले आणि लिहायला बसले.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं, हे माझं अकरा वर्षांचं व्रत. यंदा घोट्यावरचं इसब चिघळलं होतं, तरी हळद लावून चालत राहिले. आज सकाळी पाय सुजलेला, गरम आणि वरून पू.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, इसबाची कातडी चिरलेली असते. रस्त्यावरचे जंतू तिथूनच आत जातात. लाली वर चढली तर भरती व्हावं लागेल." गोळ्या दिल्या, पट्टी बांधली आणि चपला घालायला लावल्या.

संध्याकाळी खामगावातल्या आमच्या गल्लीतच शेजारच्या काकूंनी अडवलं. "काऊन वो, चौथ्याच माळेले चपला? मोडलं ना व्रत!"

म्हटलं, "काकू, देवीनं भक्ती मागतली, पाय नाही मागतला."

देवळाच्या पायरीखालूनच हात जोडले. आरती तिथवर स्पष्ट ऐकू येते, हे अकरा वर्षांत आजच कळलं. उरलेले पाचही दिवस मी चपला घालूनच जाणार.

तुमच्या घरी कोणी पायाला इसब असून अनवाणी चालत असेल, तर आज त्यांचा पाय एकदा बघाल का?