दोन बिड्यांची वाट

हैबतीच्या वाडीत वाटसरूला 'लांब हाय' म्हणायची चाल नव्हती. पोलादपूरच्या वर, जुन्या घाटवाटेच्या पायथ्याशी दहा-बारा घरं, आणि पुढं उभी चढण. कुणी विचारलं, "वरचं गाव किती लांब?" की ठरलेलं उत्तर, "ह्ये काय, दोन बिड्या वढस्तवर पोचाल!" हैबतीचा बापही तेच सांगायचा. लांब म्हटलं की माणसाचे पाय जागीच गळतात, असं त्याचं म्हणणं. आता दोन बिड्यांत तिथं वानरसुद्धा पोचलं नसतं. चांगले तीन कोस होते. पण आपल्याकडच्या माणसाला ते कळायचं. तो हसायचा, पोटभर पाणी प्यायचा आणि चालू लागायचा.

त्या गोऱ्याला कसं कळावं?

एकोणसाठ सालचा वैशाख. भर दुपारी तो हैबतीच्या अंगणात येऊन उभा राहिला. पाठीवर हे एवढं बोचकं, नाक उन्हानं सोलवटलेलं. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं, की मुंबईला बोटीतून उतरलो, आता कन्याकुमारीपर्यंत पायी चाललोय. ऐका! खाली सडकेला एष्टी धावतेय आणि हा बाबा पायी! कुठल्या जन्मीचं पाप फेडतोय कुणास ठाऊक, असं मनात येऊन हैबतीला हसू फुटलं.

"गाव... कितना दूर?" गोऱ्यानं विचारलं.

हैबतीच्या बायकोनं, ठकूबाईनं, नुकताच दारात हंडा उतरवला होता. वैशाखात वाडीचा झरा आटतो. खाली मैलभर उतरून, डबक्यातून वाटी-वाटीनं भरून आणलेला हंडा, दिवसातली तिसरी खेप. गोऱ्याची नजर आधी हंड्याकडे गेली, मग ठकूबाईच्या घामेजल्या तोंडाकडे. हैबतीनं ते पाहिलं. गोऱ्याच्या कमरेला पखालीएवढी बाटली होती. ती भरली तर हंडा अर्धा होणार, मग बैलांना काय पाजायचं? हे सगळं हैबतीच्या मनात आलं, अगदी शब्दाशब्दानं आलं. आणि तोंडानं तो म्हणाला, "नजदीक! एकदम नजदीक. दो बिडी." वर दोन बोटंही नाचवली.

गोरा खूश झाला. ठकूबाई तांब्या घेऊन पुढं आली, तर त्यानं हात जोडले. एवढ्याशा वाटेसाठी बाईच्या कष्टाचं पाणी कशाला! हैबतीनं आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजी गुराखी ओरडतच खाली आला. "सायब पडलाय रे! दुसऱ्या वळनावर! बोलत नाय, काय नाय!"

हैबती तांब्या घेऊन धावत सुटला. थेंब थेंब पाणी त्यानंच तोंडात सोडलं. कांबळ्याची डोली करून चौघांनी गोऱ्याला पोलादपूरला उतरवलं, तिथून मोटारीनं महाडच्या दवाखान्यात. सगळी वाट हैबतीनं खांदा सोडला नाही. गोरा जगला, पण त्याचं चालणं संपलं. कन्याकुमारी राहिली आणि तो बोटीनं माघारी गेला. इकडे जो तो हैबतीच्या पाठीवर थाप मारायला लागला. परक्या मुलखातल्या माणसाला जीवदान दिलं म्हणे! हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षापासून त्यानं दुसऱ्या वळणावर रांजण ठेवला. चैत्र लागला की रोज पहाटे कावडीनं दोन हंडे वर न्यायचे. कुणी पुण्यवान म्हटलं की अंगावर धावून जायचा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! वाटसरूनं अंतर विचारलं तर आता दरडावून सांगायचा, "तीन कोस. उभा चढ हाय. आधी पानी भरून घे!" वाडीनं त्याचं नाव मैलाचा दगड ठेवलं.

तिसऱ्या वर्षी विलायतेहून पत्र आलं. शाळेच्या सहदेव मास्तरांनी ओसरीवर बसून अर्थ सांगितला, "तुम्ही माझा जीव वाचवलात. चूक माझीच. पाणी न घेता डोंगर चढणं हा मूर्खपणा होता. तुमच्या रांजणातून पाणी काढायला एक पितळी ओगराळं पाठवतो आहे." मास्तरांनीच दवाखान्यातून पत्ता मिळवून रांजणाचं त्याला मागं कळवलं होतं. ते म्हणाले, "हैबतराव, उत्तर काय लिहू?"

हैबती बोटानं जमीन उकरू लागला. मग म्हणाला, "लिवा मास्तर. वाट तीन कोसाची व्हती. मला ठावं व्हतं."

"एवढंच?"

"येवढंच."

आतून ठकूबाई उंबऱ्यापाशी आली. तीन वर्षांत तिनं त्या दुपारचा एक शब्द काढला नव्हता.

"आनि हंडा भरलेला व्हता," ती म्हणाली, "त्ये बी लिवा."