आधी धुरा दाखवा

जैनथच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या खोलीत नीलिमा काम करते, कारण अख्ख्या गल्लीत धड इंटरनेट माझ्याकडेच आहे, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतोही. गावात शेती करणाऱ्या राहीबाईची ही मुलगी. घरी कापूस आणि थोडा भाजीपाला. नीलिमा आदिलाबादला शिकली आणि आता पुण्याच्या एका कंपनीसाठी लिहिते. वेबसाइटची कडीकुलपं पक्की आहेत का, हे ब्राउझरमधून तपासणारी साधनं असतात. ती कशी वापरायची, याची पानं ती तयार करते. अलीकडे तिची पानं माणसं कमी आणि एआय एजंट जास्त वाचतात. म्हणजे वाचून आपणहून कामाला लागणारी यंत्रं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला म्हणालो होतो, "लोकं माह्या दुकानाची पाटी वाचत नाहीत, अन् तुहं लिहिलेलं यंत्र वाचते?"

मार्चमध्ये घोळ झाला. सरावासाठी बनवलेल्या खोट्या साइटवर एजंटला सोडलं होतं. नीलिमाने लिहिलं होतं, सापडेल ती प्रत्येक लिंक उघडा, प्रत्येक फॉर्म भरून बघा. त्यातली एक लिंक बाहेर जात होती, एका खऱ्या दवाखान्याच्या नंबर लावायच्या पानावर. एजंटने त्या दिवसाचे सगळे नंबर खोट्या नावांनी लावून टाकले. नीलिमाने स्वतः फोन करून माफी मागितली. तिथे नंबर बघणारी तेजस्विनी शांतपणे म्हणाली, "एक बाई लेकराला घेऊन लांबून आली होती. नंबर नाही म्हणून आम्ही तिला परत पाठवलं." फोन ठेवल्यावर नीलिमाने आपलं पान उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

कंपनीतला तिचा साहेब हर्षदीप. त्याने बजावलं, पान नव्याने लिहा, शुक्रवारी पुन्हा चाचणी घेऊ. यंत्र परत बाहेर गेलं तर हे काम तुमच्याकडे राहणार नाही. कामापेक्षा तिला ती परत गेलेली बाई लागून राहिली होती.

बाजाराच्या दिवशी राहीबाई टोपली रिकामी करून दुकानात टेकली आणि लेकीचा चेहरा बघून विचारपूस करू लागली.

"आई, मी सगळं तपास म्हणून लिहिलं," नीलिमा म्हणाली. "कुठं थांबाचं ते लिहिलंच नाही."

राहीबाईला यात काही नवल वाटलं नाही. "गावच्या बायाइले सगळं वेचा म्हटलं तं त्या धुऱ्यापाशी थांबतात. कोनाचं शेत कुठवर हाय, त्याइले मालूम असते. एका साली आमी नदीपल्याडून बाया आणल्या. त्या धुरा ओलांडून गेल्या अन् शेजारच्या फकिराचा कापूस वेचून आल्या. सांगतलंच नव्हतं, तं त्याइची काय चूक? तवापासून मी आधी काम सांगतच नाही. चारी धुऱ्यानं फिरवून आणते. मंग कुठवर आपलं हाय, ते त्याइच्याच तोंडून आयकते. समजलं नाही तं हात लावाचा नाही, मले विचाराचं."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तो मी जन्मभर बघत आलो, पण त्याचा असा विचार कधी केला नव्हता. नीलिमाने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला.

नव्या पानावर काम खाली गेलं आणि हद्द वर आली. साइटचे कोणते पत्ते आपल्या हद्दीत, त्यांच्या मालकांनी परवानगी दिल्याचं कुठे लिहिलं आहे, ते आधी बघा. कामाआधी हद्द स्वतःच्या शब्दांत सांगा. खात्री नसेल तिथे थांबा आणि माणसाला विचारा.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच, काका."

शुक्रवारी दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं. राहीबाई स्टुलावर बसली. हर्षदीप फोनवर होता. एजंटने आधी हद्द लिहून दाखवली, तीन पत्ते. हर्षदीपने या वेळी सरावाच्या साइटबरोबर काही खऱ्या साइटही तपासायला दिल्या होत्या आणि त्याच्या यादीत चार पत्ते होते, पण त्या धाकधुकीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग पानांमागून पानं उघडू लागली, आणि शेवटी ती दवाखान्याची लिंक आली. नीलिमाने पदर घट्ट धरावा तशी ओढणी मुठीत धरली होती.

एजंट थांबला. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली. नीलिमाने ती आम्हाला मराठीत सांगितली, "ही लिंक हद्दीबाहेर जाते. मी उघडली नाही."

राहीबाईने शेतात बायांना सांगितलेली गोष्ट कोण कुठल्या यंत्राने ऐकली होती. खोटं कशाला बोलू, माझे हात आपोआप जोडले गेले. कोणाला, ते मलाच कळत नव्हतं. राहीबाई नुसती बघत होती.

तेवढ्यात खाली आणखी ओळी आल्या. त्या सांगताना नीलिमाचा आवाज बदलला. "यादीतल्या चौथ्या पत्त्याच्या मालकाने परवानगी दिल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून मी त्याला हात लावला नाही. त्यांना विचारलं आहे का?"

मग ती फोनकडे वळली. "सर, चौथ्यांना कोणी विचारलं होतं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"कोणीच नाही," हर्षदीप म्हणाला.