नाव निघेपर्यंत

बहारीनच्या ऑगस्टात बर्फ घेऊन येणाऱ्या माणसावर कुणी ओरडेल, यावर माझा विश्वास बसला नसता. पण प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच सकाळी वाघमारे बाई नेमकं तेच करत होत्या. जिदहफ्सच्या दवाखान्यातून आलेला ड्रायव्हर बर्फाची पेटी घेऊन दारात उभा होता आणि बाई त्यातली काचेची नळी मुठीत धरून त्याला झापत होत्या. "ये दही नहीं है भाई! कितनी बार बोला, पीठ का पानी बर्फ में नहीं रखने का. अंदर का जंतू ठंड से मर जाता है, फिर मैं क्या ढूँढूँ?" ड्रायव्हर "मफी मुश्किल, मफी मुश्किल" म्हणत, म्हणजे काही अडचण नाही असं सांगत, मागे सरकत होता. "तेरे को मफी मुश्किल. पेशंट को मुश्किल!" असं म्हणून बाई माझ्याकडे वळल्या. "तू पुण्याची न? ये, आत ये. तुह्यावर नाही ओरडली मी. अजून."

मेंदूज्वराचा संशय आला की पाठीच्या मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढतात. ते तपासणं हे बाईंचं खास काम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागले तेव्हा बाईंना येऊन बरीच वर्षं झाली होती. मूळच्या नागपूरच्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन भिलाईला. केरळच्या दोन नर्सबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायच्या आणि बुद्धपौर्णिमेला साऱ्या विभागाला खीर खाऊ घालायच्या. माझ्या बोलण्याची त्यांना फार गंमत वाटे. मी "असं करू नये" म्हटलं की त्या इकडेतिकडे बघून विचारायच्या, "कोणाले म्हणून राहिली? इथं तर मीच आहे."

त्यांचं आणि विभागप्रमुखांचं भांडण मात्र कायमचं होतं, आणि ते उबेच्या कपाटातल्या जागेवरून होतं. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. पाणी जंतूला पोसणाऱ्या हिरवट खळीवर पेरायचं, नळी उबेत ठेवायची आणि दर आठवड्याला बघायचं. सहा-सात आठवडे काहीच दिसत नाही. क्षयाचा मेंदूज्वर झालेला माणूस तेवढे दिवस थांबत नाही. म्हणून पेशंट दगावला की त्याच्या नळ्या काढून टाकायच्या, अशी आमच्याकडे पद्धत पडली होती. बाई त्या काढू देत नसत. प्रमुख म्हणायचे, "रिपोर्ट कुणाला देणार? खलास झाला माणूस." बाई म्हणायच्या, "माणूस खलास झाला सर, प्रश्न नाही झाला." प्रमुख मान हलवत निघून जायचे आणि नळ्या तिथेच राहायच्या.

हा हट्ट कशापायी, ते त्यांनी एकदा डबा खाता खाता सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ तापानं गेला होता. डोकं धरून ओरडायचा, मग ओळखेनासा झाला, मग गेला. डॉक्टरांनी "मेंदूचा ताप" एवढंच सांगितलं. कशामुळे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग गावातल्यांनी आपापसात ठरवलं, की वहिनीनंच काहीतरी केलं. "दोन महिन्यात हाकलली तिले. माह्या आईनंच हाकलली. मी पाहत होती." बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "रोगाचं नाव नाही निघालं न, तर लोक माणसाचं नाव काढतात. अन् ते बाईचंच निघते."

सुनील आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. हिद्दला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात सुपरवायझर, वर्ध्याकडचा. बायको रेखा आणि वर्षाचा मुलगा नुकतेच फॅमिली व्हिसावर आले होते. बरेच दिवस अंगावर काढलेला ताप, मग उलट्या, मग बेशुद्धी. त्याच्या पाण्यात साखर फार कमी आणि पेशी फार जास्त होत्या. बाईंना काय ते कळलं, डॉक्टरांनाही संशय आला. औषधं सुरू झाली. पण जंतू काही दिसेना. बाई एकेक काचपट्टी घेऊन सबंध दुपार मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायच्या. निळ्या पार्श्वभूमीवर एक लाल काडी दिसली असती तरी पुरे होतं. ती दिसली नाही.

रेखा रोज मुलाला कडेवर घेऊन आमच्या खिडकीशी यायची. आम्ही मराठी बोलतो हे कळल्यावर तिला तेवढाच आधार झाला. "काही निघालं का बाई? सासूबाई फोनवर विचारतात. म्हणतात, तू गेली अन् माह्या पोराले ताप आला." बाई तिला म्हणायच्या, "निघन. नाव निघालं की मी स्वतः फोन करीन तुह्या सासूले." हे त्या कुणालाच असं छातीवर हात ठेवून सांगत नसत. तिला सांगितलं.

आठवड्याभरात सुनील गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण निश्चित झालं नाही असंच लिहिलं गेलं. कंपनीनं मृतदेह पाठवला, त्याच विमानानं रेखा आणि मूल गेले. विमानतळावर जाताना तिनं बाईंच्या हातात सासरच्या गावातल्या किराणा दुकानाचा फोननंबर दिला. तिच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा भीतीच जास्त होती. मला तो चेहरा आजही नको असताना आठवतो.

सातव्या आठवड्यात नळीत दाणे उठले. भाकरीच्या चुऱ्यासारखे, पिवळट, खडबडीत. बाईंनी नळी उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. "निघालं," एवढंच म्हणाल्या. इतक्या उशिरा आलेला रिपोर्ट पाहून कुणाला एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही इस्पितळाबाहेरच्या फोनच्या बूथवर गेलो. दुकानदारानं म्हातारीला बोलावून आणलं. बाईंनी अगदी सोपं करून सांगितलं. आई, तुमच्या मुलाले टीबी होता, मेंदूचा. हे आधीपासून अंगात असते. सुनेचा काही दोष नाही. घरातल्या लेकराले लवकर तपासून घ्या, त्याले गोळ्या द्याव्या लागतील. म्हातारी मोठ्यानं बोलत होती, मला बाजूला उभ्या उभ्या ऐकू आलं. "टीबी आमच्या खानदानात कोणाले नव्हता. मंग तिनंच आणला माहेरून. बरं झालं हाकलली ते! पोरगा आमचा आहे, आमच्यापाशीच राहीन."

फोन बंद झाला. मी काहीतरी समजुतीचं बोलायचं म्हणून म्हटलं, "निदान खरं काय ते त्यांना कळलं, बाई." बाई बूथच्या काचेला टेकल्या होत्या. "कळलं न. अन् तेही तिच्याच अंगावर घातलं." आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर त्यांनी भरवसा ठेवला होता ती त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळली होती. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण मी धरला नाही. त्या हात धरू देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज टाकला. महिन्याच्या रजेवर गेल्या आणि परत आल्याच नाहीत. रेखाच्या सासरच्या गावात भाड्यानं खोली घेऊन राहिल्या, असं त्यांनी फोनवर कळवलं. मुलाची तपासणी त्यांनी भांडून करून घेतली होती आणि त्यात क्षयाची लागण निघाली होती. तो अजून आजारी पडला नव्हता, पण पडायला वेळ लागला नसता. गोळ्या सहा महिने द्यायच्या होत्या. म्हातारी रोज देईल याचा नेम नव्हता. "मी रोज सकाळी जाते, माह्या हातानं चारते. म्हातारी अंगणात बसू देते आता. पहिले तेही नव्हती देत." मी विचारलं, "आणि नोकरी? व्हिसा?" बाई म्हणाल्या, "व्हिसा काय, संपून जाईन आपोआप." त्यांची खोली मीच आवरली. प्रमुखांनी न सांगताच त्यांचा कोट धुवायला पाठवला आणि मग तो कुणाला द्यायचा ते त्यांना सुचेना.

शेवटचा फोन पावसाळा संपता संपता आला. त्यानंतर दोन वर्षांनी बाई नागपूरला वारल्या. तेव्हा मी बहारीनमध्येच होते, बातमी फार उशिरा कळली. पण त्या फोनवर त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. "गोळ्या झाल्या पुऱ्या. पोट्टं धावून राहिलं अंगणभर."

"आणि रेखा?" मी विचारलं.

"आणली न काल. माहेरी जाऊन मी स्वतः घेऊन आली. म्हातारी आत निघून गेली." मग बाई म्हणाल्या, "रेखानं हात पसरले. पोट्ट्यानं ओळखलं नाही तिले. माह्या मांगं लपलं."