हळू बोलणारे काका

बोरगाव मेघेतले आमचे शेजारी काका बोलू लागले की रस्त्यावरची कुत्री उठून बसतात. पण रोज संध्याकाळी काकूंना घेऊन ते आमच्याकडे येतात आणि जुन्या चर्चच्या मी रंगवलेल्या करड्या तैलचित्रासमोर बसतात, तेव्हा त्यांचा आवाज आपोआप उतरतो. “इतकं फिकं काऊन? रंग संपलते काय?” हेही त्यांनी मला कुजबुजतच विचारलं होतं.

परवा नागपूरहून एक गिऱ्हाईक ते चित्र घ्यायला आलं. काकांनी त्याला हळूच सांगितलं, “घेऊ नका. काळं पडून राह्यलं ते.”

गिऱ्हाईक चित्र न घेताच गेल्यावर मी भडकलो. “काका, खोटं काऊन बोलले?”

काकांनी मान खाली घातली. “तुह्या काकूसंगं मले धड बोलता येते ते इथंच, बाबू.”

संध्याकाळी दोघं आले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेलो.