कप्प्यात असून न सापडलेली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सनीव्हेलला मुलीकडे गेले तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे तिची नोकरी, एवढंच मला ठाऊक. साल दोन हजार तीन. तिच्या कंपनीतून तिघांना काढलं होतं आणि चौथी आपणच, असं ती धरून चालली होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, मग दोघींनी बॅगा भरायच्या. दवाखान्यांसाठी पेशंटची यादी ठेवणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. त्यात काही माणसं दोनदा दिसत होती. सोमवारपर्यंत दुरुस्त कर, असं मॅनेजरनं बजावलं होतं.

शनिवारी सकाळी मी मेथी निवडत होते. ती लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसलेली.

"काय अडलंय?" मी विचारलं.

"आई, तुला नाही कळणार."

"तुला तरी कुठं कळलंय?"

ती हसली आणि सांगायला लागली. पेशंटची नावं ज्यात ठेवतात त्याला सेट म्हणतात, ते एक मोठं कपाट समज, पुष्कळ कप्प्यांचं. नाव आत घालायचं तर आधी नावातल्या अक्षरांवरून एक आकडा काढायचा. जो आकडा, तो कप्पा. तिथं ते नाव आधीच असेल तर काही करायचं नाही. नसेल तर ठेवायचं.

"बाकीचे कप्पे उघडून बघायचे नाहीत?"

"नाही. लाख नावं असली तरी."

माझा हात मेथीतच राहिला. घरात चार डबे, तरी मी हिंगासाठी चारही उघडते. इथं वस्तूच आपली जागा सांगते!

"माझं नाव घाल बघू."

तिनं घातलं. घेतलं, असं उत्तर आलं. परत घालायला लावलं. आता नाही म्हणालं, आधीच आहे. तिसऱ्यांदाही तेच.

"चिडत नाही गं?"

"आई, मशीन आहे ते."

"म्हणूनच विचारते. तुझा बाप दुसऱ्या खेपेलाच ओरडायचा."

मग मी माहेरचं नाव घालायला सांगितलं. ते मुकाट्यानं घेतलं. आता कपाटात मी दोनदा झाले. मला पासपोर्टची आठवण झाली. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, मला कुणी विचारलं नाही. पासपोर्टसाठी शाळेचा दाखला हवा होता, म्हणून जुन्या शाळेत गेले. नवं नाव सांगितलं. कारकुनानं रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, अशी मुलगी इथं नव्हतीच. चार वर्षं मी त्या शाळेत बसले होते. रजिस्टरात होतेही, फक्त जुन्या नावाच्या ओळीत.

हे मी सांगत होते तशी मुलगी ताठ बसली.

"आई, थांब. परत सांग."

"काय परत? आत होते आणि नाही म्हणाला."

तिनं दोनदा येणाऱ्या पेशंटची यादी काढली. बहुतेक बायका. लग्न झालेल्या किंवा मोडलेल्या, आडनाव बदललेल्या. नाव आत ठेवल्यावर तिच्या प्रोग्रॅमनं ते जागच्या जागी बदललं होतं, कप्पा मात्र जुनाच राहिला होता. आता नव्या नावाचा आकडा वेगळा, कप्पा वेगळा. मशीन तिथं बघायचं, रिकामं दिसायचं आणि तीच बाई पुन्हा घ्यायचं.

"दाखव मला," मी म्हणाले.

तिनं रिकाम्या सेटमध्ये एक नाव घातलं, मग आतल्या आत बदललं. नवं नाव आहे का, विचारलं. नाही. आत किती आहेत? एक. मी तीन वेळा करायला लावलं. आत एकच होतं आणि तेच नाही, असं ते मशीन तिन्ही वेळा शांतपणे सांगत होतं. तो कारकून खोटं बोलत नव्हता, हे मला तेव्हा पटलं.

"मग आता?"

"आधी बाहेर काढायचं, मग नाव बदलायचं, मग नव्यानं घालायचं. चार ओळींचं काम आहे, यार!"

आईला यार म्हणाली. मी मेथी पुढ्यात ओढली.

सोमवारी ती हसत घरी आली. नोकरी राहिली, बॅगा माळ्यावरच राहिल्या. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "माझं नाव बदलताना मात्र मला कुणी आधी बाहेर काढलं नव्हतं."

ती भाकरी मोडायची थांबली. "दाखला मिळाला का मग?"

"मिळाला. जुनं नाव सांगितलं, लगेच सापडले."